खुलासा: 'आठ दिवस पेशंटला उठवू नका' हा सल्ला चुकीचा आहे

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'पोटाचं तातडीचं ऑपरेशन रात्री करू देऊ नका, सकाळपर्यंत थांबा, नंतर आठ दिवस पेशंटला उठवू नका, टाके तुटतात.' दोन्ही सल्ले घातक आहेत.

आतडं फुटलं असेल तर घाण पोटात पसरते, जंतुसंसर्ग रक्तात उतरतो आणि तासागणिक धोका वाढतो. थांबणं कुणाला परवडेल ते सर्जनना ठरवू द्या. लगेच अँटिबायोटिक, लवकर सीटी स्कॅन, अनुभवी सर्जन आणि भूलतज्ज्ञ, नंतर गरजेप्रमाणे आयसीयू, एवढ्यानं जीव वाचतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३पासून अशा ऑपरेशनांची देशभर नोंद ठेवून याच गोष्टींवर भर दिला. ३० दिवसांतले मृत्यू ११.८ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आले.

आणि टाके? कुशीवर वळून उठलं, खोकताना पोटाला उशी धरली, तर बसण्या-चालण्यानं ते सहसा उसवत नाहीत. पडून राहिल्यानं मात्र छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हाताऱ्या माणसांची तर ताकद भराभर ओसरते. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पेशंटला उठवायला आले, तर काका-काकूंनो, कृपा करून अडवू नका.