दिवा लावायला तंबोरा

सकाळी सकाळी डोकं फिरलं. जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर जाहिरात: 'अँटिक तंबोरा. वाजत नाही. भोपळ्याला मागून भोक पाडून आत बल्ब सोडला तर हॉलमध्ये मस्त शोपीस.' खाली बदामांचा पाऊस. बदाम!

फोटो मोठा करून पाहिला. चारही तारा जागेवर, खुंट्या शाबूत, तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, तडा नाही. मग 'वाजत नाही' म्हणजे काय? तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर खाचा पडल्यात, जवारी, म्हणजे तारेचं ते गुंजन, गेलीय, एवढंच. तारा उतरवून बाजूला घ्यायच्या, खाचा जाईपर्यंत घोडीचा माथा कानशीने एकसारखा घासायचा, बारीक पॉलिशपेपर फिरवायचा. माथ्याला किंचित उतार राहिला पाहिजे. अगदी सपाट झाला तर तार नुसती खरखरते, फार गोल झाला तर टणकन वाजून गप्प होते. मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर मागेपुढे सरकवत गुंजन उघडायचं. काम जाणकाराचंच, घरी कानस घेऊन बसू नका. पण मिरजेत हे करणारे हात आहेत. तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आणि आपण बल्ब लावतोय.

जास्त झोंबायचं कारण म्हणजे सध्या कानात काय चाललंय ते. अलीकडे हाती लागलेली सीडी: किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे तंबोरे. ला माँट यंग आणि मेरियन झाझीला या त्यांच्या अमेरिकन शिष्यांनी १९८२ मध्ये रेकॉर्ड केलेली, १९९९ मध्ये काढलेली. तासाभराहून जास्त वेळ नुसते तंबोरे. गाणं नाही, तबला नाही. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. नंतर एकाच तारेतून गंधार, म्हणजे 'ग', वर येताना ऐकू येतो, तो कुणीही छेडलेला नसताना. हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर यातलं काही उरत नाही.

दुसरं म्हणजे किराणा घराण्याच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या पाठोपाठ ऐकणं. १९०५ च्या तबकड्या कर्ण्यात गाऊन घेतलेल्या, तिथे तंबोऱ्याचा बारीक आवाज पोचणं अवघडच. १९३० नंतरच्या मायक्रोफोनवरच्या. फरक कान लावला की कळतो.

तंबोऱ्याचं अ‍ॅप आहे की, म्हणाल. आहे. प्रवासात, एकट्याच्या रियाजाला सोयीचं आहे, मान्य. पुढे.

तंबोरा घरातून काढावा लागतो, त्यात लाज नाही. जागा नसते, गाणारं माणूस राहत नाही. आमच्याकडचाही मागच्या महिन्यात गेला. पण द्यायचा तर आधी पट्टी विचारा, म्हणजे गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर आहे ते. काळी एकचा तंबोरा तारा पिळून काळी पाचला जात नाही. तार तुटते, नाहीतर तबलीवर ताण येतो. बायकांच्या पट्टीचं वाद्यच आखूड असतं.

हलवताना प्रत्येक तार तीन-चार सूर उतरवा. पूर्ण ढिली सोडू नका, खुंटीवरची वेटोळी सुटतात आणि पुन्हा चढवताना तार वाकल्या जागीच तुटते. मण्यांखाली मऊ कापड घाला, नाहीतर ते घसरून तबली ओरबाडतात. सगळ्यात नाजूक जागा गळ्याची, जिथे दांडी भोपळ्याला बसते, म्हणून दांडीला धरून एका हाताने उचलू नका. गवसणी घालून गाडीत मागच्या सीटवर, भोपळ्याखाली जाड चुंबळ, वर काही ठेवायचं नाही. कुरिअरने पाठवायचाच तर लाकडी खोकं करून घ्या, पुठ्ठ्यावर विसंबू नका.

आणि नव्या घरी आठवडाभर धीर धरा. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जोर लावला की खुंटीचं डोकं हातात येतं. कोरड्या हवेत उलट सटकतात, तेव्हा खडू चोळायचा. तेल चुकूनही नको. वापर नसेल तेव्हाही तारांचा सूर थोडा उतरवून ठेवा. त्या फोटोत तारा ताणलेल्या आणि तंबोरा उन्हाच्या खिडकीशी भिंतीला टेकवून उभा! घसरला की भोपळा गेला, उन्हाने तडकला तरी गेला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकणारे हे भोपळे वाळवून, कोरून वाद्याला लागेपर्यंत किती निगा लागते, आणि यांना भोक पाडायचंय.

असो. राग थोडा उतरलाय. त्या माणसाला कदाचित खरंच कुणी सांगितलं नसेल. घरातलं गाणारं माणूस गेलं असेल, हे लाकूड तेवढं मागे राहिलं असेल. म्हणून शिव्या न घालता मेसेज केला: 'भोक पाडू नका, मी घेणारा शोधून देतो. काळी कितीचा आहे?'

आत्ता उत्तर आलं: 'काळा नाही सर, चॉकलेटी आहे.'