एम.ए., एम.एस्सी. करताय? मग आधी सरकारला उसने द्यायला पैसे जमवा

सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरायला गेले होते. ११ वाजता लाईनीत लागले, मधे जेवणाची सुट्टी, पावणेतीनला नंबर आला आणि खिडकीतल्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तुमची स्कॉलरशिप जमा नाहीये, बॅलन्स भरा मग फॉर्म घेते." अहो मॅडम, स्कॉलरशिप देणारी मी नाही, घेणारी आहे, असं म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मागनं आवाज आला, ताई आटपा की. संपलं. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे, पुण्यात राहते, आणि दोन वर्षांत जे शहाणपण गोळा झालंय ते यंदा ॲडमिशन घेणाऱ्यांना फुकट वाटतेय. यात फुकट एवढंच आहे, घेऊन ठेवा.

तर पहिलं म्हणजे, गरीब असाल तर आधी थोडे श्रीमंत व्हा. आपल्याकडे पैसे नाहीत हे सिद्ध करायला तलाठी, सेतू, तहसील असे हेलपाटे घालायचे, दाखला हातात आला की तोच घेऊन कॉलेजात जायचं आणि तिथे पूर्ण फी भरायची, हप्त्याहप्त्याने का होईना. सरकार देणारच आहे ना, पण मागाहून. तोवर तुम्ही घाला. स्कॉलरशिपच्या पोरांकडून आधी फी मागू नका अशी परिपत्रकं आहेत म्हणे, ती खिडकीत दाखवून बघा, मॅडमची मान तेवढ्यासाठी तरी वर होईल.

फीची पावती घडी घालून ठेवा, वाचू नका. मी वाचली. जिमखाना फी (जिमखान्याला कुलूप, चावी ज्यांच्याकडे ते रजेवर), ई-सुविधा फी, डेव्हलपमेंट फी, इतर, त्याखाली 'इतर किरकोळ', आणि सगळ्यात शेवटी माजी विद्यार्थी संघ. पहिलं लेक्चर व्हायचं होतं अजून माझं, आणि मी माजी!

आता स्कॉलरशिपचं पोर्टल. पोर्टलवर श्रद्धा ठेवा. उत्पन्नाचा दाखला २५६ केबीच्या आत पाहिजे. मोबाईलवर फोटो काढला तर तीन एमबी. मग दाबायचा. मी दाबला, ५०० झाला, अजून दाबला, ३०० झाला, २४० वर आला तेव्हा तहसीलदारांचा शिक्का शाई सांडल्यासारखा दिसत होता आणि बाबांच्या नावातला एक काना गायब होता. पोर्टलने घेतला, हिरवी टिक आली, फक्त पेढे वाटायचे राहिले. त्यानंतर दोन महिने 'अंडर स्क्रुटिनी'. मग एका रात्री मेसेज, अर्ज परत, शेरा काय तर डॉक्युमेंट नॉट क्लिअर. अरे तुम्हीच म्हणालात ना दाबा म्हणून! मग सायबर कॅफेवाल्या दादाकडे गेले, तो ५० रुपये घेऊन तोच दाखला २५० केबीत लख्ख बसवून देतो, कसा ते त्यालाच माहीत, खरं तर पोर्टल त्यालाच चालवायला द्या. परत सबमिट केला तर कॉलेजच्या लॉगिनला अडकला, क्लार्क म्हणे वरून पेंडिंग आहे, वर फोन लावला तर ते म्हणे कॉलेजकडून पेंडिंग आहे, हेल्पलाईनवाला म्हणे ब्राउझरची हिस्ट्री डिलीट करून बघा, आणि या सगळ्यात ३१ मार्च उजाडला आणि दाखल्याची मुदत संपली. नवीन काढा! म्हणजे गेल्या वर्षी मी गरीब होते हे मान्य, पण यंदाही आहे का ते परत बघायचंय. काय लॉटरी लागणारे बाबांना वर्षात? आणि पैसे घेताना यांना काही अनक्लिअर दिसत नाही हं. खिडकीच्या काचेवर क्यूआर कोड चिकटवलाय, तो मात्र पहिल्या स्कॅनला क्लिअर.

आजारी पडू नका.

पुण्यात खोली शोधू नका, कॉट शोधा. माझी रूममेट स्वाधार योजनेत आहे, सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला की ते पैसे मिळतात, २०१६-१७ पासूनची योजना, चांगली आहे, नाव ठेवत नाही मी. पण हिशोब बघा. मुंबई-पुण्यात राहण्यासाठी वर्षाला २०,०००. बाराने भागा. महिन्याला १,६६६ रुपये. तेवढ्यात पेठेत कॉटचे पाय मिळतील, फळीचं तुमचं तुम्ही बघा. जेवणाला वर्षाचे ३२,०००, म्हणजे दिवसाला ८७-८८ रुपये, दोन्ही वेळचे. वर चहा प्यालात तर तुमच्या जबाबदारीवर.

रविवारी संध्याकाळी भूक लागू देऊ नका. मेसवाले समजून घेतील.

मुलगी असाल तर अभिनंदन स्वीकारायची तयारी ठेवा. "तुम्हा मुलींना आता सगळं फ्री ना?" खरंय, २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. व्यावसायिक. माझी केमिस्ट्री व्यावसायिक नाही हे मामाला दोन लग्नांत आणि एका बारशात समजावून झालंय.

कर्ज काढा की. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे सांगता सांगता बँकेतले साहेब बाबांकडे वळून विचारतात, सातबारा आणलाय का. शिक्षण चालू असताना हप्ता नाही, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेलं असतं. त्या व्याजावर इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत सूट मिळते म्हणे. इन्कम झालं की कळवते.

पैशाची अडचण असेल तर पीएचडी कर, असं एका सरांनी सुचवलं. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७,०००. नाही लागली आणि केंद्रीय विद्यापीठात असलात तर ८,०००, आणि तेही २०१५ मध्ये बंद करायला निघाले होते, पोरं दिल्लीत यूजीसीच्या दारात जाऊन बसली म्हणून राहिले. म्हणजे संशोधनाची पहिली पायरी काय, तर रस्त्यावर बसायची सवय.

शेवटी, घरी खरं सांगू नका असं लिहिणार होते. सोमवारी रात्री बाबांचा फोन आला, फॉर्म भरला का गं. मी हो म्हणाले. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी सोयाबीन ओलं असतानाच आडतीवर घातलं, ओलाव्याची कट बसली, भावही पडलेला, थोडं वाळू दिलं असतं तर बरे आले असते पैसे, पण फीचा हप्ता थांबत नव्हता. ती कट कुठल्या पोर्टलवर अपलोड करू? किती केबीत बसवू? आमच्याच घरातनं उचल काढायची, ती महिनोन्‌महिने बिनव्याजी वापरायची, आणि वर बॅनरवर हात जोडून आमचंच कल्याण केल्याचं सांगायचं, थोडी तरी लाज? तुमच्या दोन टेबलांमधे कागद कुठे अडकलाय ते तुम्ही शोधा ना, पगार घेता त्याचा! कॉलेजला पैसे सरकारकडून यायचेत तर सरकारच्या दारात लाईन लावा, खिडकीत उभ्या पोरीचा फॉर्म कसला अडवता? तुमची पोरं नाहीत का शिकत कुठे?

शुक्रवारनंतर २०० रुपये लेट फी आहे म्हणे. ती मी भरणार नाही. परत लाईनीत उभी राहीन, अकरापासून, आणि या वेळी मागच्याने आटपा म्हटलं तरी हलणार नाही.