खुलासा : उन्हाळी सुट्टीतला सराव आणि ‘घाम म्हणजे चरबी’

‘सुट्टीत आठ दिवस सराव थांबला की वर्षाची मेहनत वाया जाते, म्हणून भरदुपारी जर्किन घालून पळा, जितका घाम, तितकी चरबी कमी’ हा संदेश सोलापुरातील खेळाडूंच्या गटांत फिरत आहे, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत मीही होतो, हे आधी मान्य करतो. घाम म्हणजे पाणी आणि क्षार. पळण्याआधी व नंतर वजन करून पाहावे, उतरलेले वजन पाणी पिताच बहुतेक परत येते. जर्किनमुळे घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या सोलापुरात त्यातून उष्माघात ओढवू शकतो. १९९७ साली अमेरिकेत झटपट वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले, त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाखांवर बंदी आली.

राहिला प्रश्न विश्रांतीचा. दमसास साधारण दोन आठवड्यांनंतर जाणवण्याइतका घटतो, ताकद त्याहून उशिरा. आठवड्यातून दोन-तीनदा, पण नेहमीच्याच जोराने, पहाटे केलेला सराव तो बराचसा टिकवतो. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.