‘बोटभर जास्त ऑइल’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘बाइकच्या इंजिनात ऑइल जास्त झालंय हे ओळखायचं कसं’ या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहू नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

आधी आपली चूक नसलेली गोष्ट. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची काडी, आट्यात फिरवून घट्ट बसवायची आणि मग काढून लेव्हल बघायची, असं मी लिहिलं होतं. आपण म्हणालात की बऱ्याच बाइकना ती नुसती टेकवून बघायची असते, आणि फिरवून बसवली तर ती खोल जाते व ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. बरोबर आहे. माझ्या बाइकच्या मॅन्युअलमध्येही नुसती टेकवायलाच सांगितलंय. ते वाक्य मी दुरुस्त केलं आहे आणि ‘आपापल्या बाइकचं मॅन्युअल बघा’ असंही जोडलं आहे. आभार.

पण एवढं सांगायला ‘यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून लोक इंजिनचे डॉक्टर होतात’ हे वाक्य लागत होतं का? माझे वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते. 1982 च्या संपानंतर गिरणी त्यांना परत मिळाली नाही, मग परळच्या एका गॅरेजात त्यांनी मोटरसायकली उघडल्या. शाळा सुटली की मी तिथे जायचो. कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलमध्ये धुऊन तोंडाने फुंकायचं काम माझं होतं. तेव्हा यूट्यूब नव्हतं. निघालेलं ऑइल बोटांत चोळून, वास घेऊन मग बोलायचं, हे मी वडिलांच्या हाताकडे बघून शिकलो. मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी केली, हे लेखातच लिहिलंय. पण म्हणून मला कोणीही काहीही म्हणावं, असं नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य. ते इथे पुन्हा देतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल: ‘शंभर-दोनशे मिली ऑइल जास्त गेलं म्हणून इंजिन मरत नाही, उलट चांगलंच, माझ्या फोर-व्हीलरमध्ये मेकॅनिक कायम बोटभर जास्तच ओततो.’

फोर-व्हीलर! साहेब, लेख 100 सीसीच्या सिंगल सिलिंडर बाइकबद्दल आहे. गाडीत चार लिटरच्या आसपास ऑइल असतं, त्यात 200 मिली म्हणजे पाच टक्के. माझ्या बाइकला ऑइल बदलताना 800 मिली लागतं. तिथे तेच 200 मिली म्हणजे पंचवीस टक्के. चहात अर्धा चमचा साखर जास्त पडणं आणि कपभर पडणं यात फरक आहे की नाही?

आणि नुसता टक्क्यांचाही प्रश्न नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, त्यामुळे चेंबरमधली, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइल साठणाऱ्या भागातली, एकूण हवेची जागा जवळपास तेवढीच राहते. सिंगल सिलिंडरला तो जोडीदार नाही. पिस्टन खाली आला की त्याच्याखालची जवळजवळ 100 सीसी हवा दर फेरीला चेंबरमध्ये दाबली जाते. 5000 आरपीएमला सेकंदाला 83 वेळा. त्या दाबाला सामावून घ्यायला चेंबरमध्ये मोकळी जागा असते आणि नेमकी तीच जागा तुम्ही 200 मिली ऑइलने भरून टाकता. मग दाब वाढतो, चेंबरमधला दाब बाहेर सोडणाऱ्या ब्रीदर पाइपातून ऑइलची वाफ एअर फिल्टरच्या डब्यात जाते, फिल्टर चिकट होतो, निळा धूर येतो, सील पाझरायला लागतात. क्रँक ऑइलमध्ये बुडून फिरली की पिकअप जातो तो वेगळाच, आणि घुसळून ऑइलला फेस येतो. पंप तो फेस वर हेडकडे पाठवतो. फेसात हवा असते, हवेने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचं रक्षण होत नाही. ‘उलट चांगलंच’ म्हणताना यातलं काय चांगलं वाटलं तुम्हाला?

माझ्या बाइकचं लेखात थोडक्यात होतं, आता सविस्तर सांगतो. सर्व्हिसिंग झाल्यावर तीन आठवड्यांनी विक्रोळीजवळ हायवेवर मागून एकाने हात करून सांगितलं, ‘काका, धूर येतोय.’ गॅरेजवाल्याने सायलेन्सरला बोट लावून बघितलं आणि हाफ इंजिन सांगितलं. बोअर, पिस्टन, रिंग, सगळं. मी बाइक घरी आणली. एअर फिल्टर काढला तर पिळल्यावर ऑइल गळेल एवढा भिजलेला. दुसऱ्या दिवशी बाइक डबल स्टँडवर घेतली, इंजिन जरा गरम केलं, चेंबरचा नट काढला आणि सगळं ऑइल मापात धरलं. 1170 मिली निघालं.

तो आकडा डोळ्यांसमोर आल्यावर अर्धं कोडं तिथेच सुटलं. सर्व्हिसिंगला लिटरचा अख्खा डबा ओतला होता, बिलावरही एक लिटरच होतं. म्हणजे 200 मिली गॅरेजची कृपा. पण डब्यात 1000 मिली होतं आणि बाहेर 1170 आलं. इंजिन ऑइल खातं, तयार करत नाही. वरचे 170 कुठून आले? बोटाला लावून वास घेतला: पेट्रोल. ऑइल पाण्यासारखं पातळ झालं होतं. नवीन ऑइल मोजून भरलं, एका रात्री पेट्रोल कॉक बंद ठेवला, सकाळी लेव्हल तेवढीच. दुसऱ्या रात्री कॉक चालू ठेवला, सकाळी लेव्हल वर चढलेली. कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची नीडल झिजली होती आणि कार्ब्युरेटरचा ओव्हरफ्लो पाइप मातीने बुजला होता, त्यामुळे पेट्रोल खाली जमिनीवर न गळता इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून चेंबरमध्ये उतरत होतं. कुर्ल्याहून सीएसटी रोडवरून नीडल आणली, पाइप साफ केला, ऑइल पुन्हा बदललं. हाफ इंजिन आजतागायत केलेलं नाही. रिंगा ठीक होत्या आणि माणूस हजारो रुपयांचं काम सांगत होता, हे मला अजून बोचतं. तुमच्यासारख्यांच्या ‘बोटभर जास्त चालतं’ मुळेच ते असं सांगू शकतात. तुमचा फोर-व्हीलरचा मेकॅनिकही मोजत नसणार, हे मी खात्रीने सांगतो.

डिपस्टिक चुकीची बघितल्याने माझं निदानच खोटं ठरतं, असंही तुम्ही लिहिलंय. मी मापाने मोजलं होतं, डिपस्टिकवर विसंबलो नव्हतो. तो विषय संपला.

‘पावसाचं पाणी शिरतं त्यावर एक ओळ नाही’ हा आरोप. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी माझी तेव्हाची बाइक साकीनाक्याला टाकीपर्यंत बुडाली होती. पाणी शिरलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं, नट काढला की आधी पाणी येतं, हे मला कोणी शिकवायला नको. लेख त्याबद्दल नव्हता. डिझेलने इंजिन फ्लश करण्याच्या तुमच्या सल्ल्यावर मी बोलणार नाही. नट काढताना आटे जातात म्हणाल, तर नवा वायसर घाला आणि माणसासारखा आवळा.

तुमच्याकडे बाइकही आहे असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या ऑइल चेंजला निघालेलं ऑइल मापात धरा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. जुळले, तर मेकॅनिकबद्दलचं माझं वरचं वाक्य मी काढून टाकेन.