इंग्रजी हवी, पण माध्यमही इंग्रजीच का?

पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतले गेले, तरी महाराष्ट्रातील चर्चा अजूनही किती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून याच प्रश्नांभोवती फिरते आहे. इंग्रजी तर आपल्याकडे २००० सालापासून पहिलीतच आली. तरीही पालक मराठी शाळेतून मुले काढतात, कारण इंग्रजी हवी असेल तर माध्यमही इंग्रजीच हवे, असे जवळपास सर्वांनी गृहीत धरले आहे. शांघायमध्ये राहताना मला हे गृहीतक पटेनासे झाले आहे.

इथल्या सरकारी शाळांत गणित, विज्ञान, इतिहास हे सारे चिनीतून शिकवले जाते आणि इंग्रजी हा एक विषय असतो. शिक्षण मंत्रालयाने २००१ मध्ये तो तिसरीपासून सुरू करण्याचे धोरण आखले; मोठ्या शहरांत तो त्याआधीही सुरू होतो. गाओखाओ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला आहेत.

शेजारच्या मुलीच्या वहीत ‘ओपन’ या क्रियापदाला अख्खे पान दिलेले मी पाहिले. चिनी ‘खाय’ या क्रियापदाने दार उघडते, दिवा लागतो, गाडी चालते, सभा भरते आणि फूलही उमलते, त्यामुळे मुले सहजपणे ‘ओपन द लाइट’ म्हणतात. वहीत दार, खिडकी आणि पेटी यांच्यापुढे बरोबरची खूण होती. दिव्यापुढे ‘टर्न ऑन’, गाडीपुढे ‘ड्राइव्ह’ आणि सभेपुढे ‘होल्ड’ असे लिहिले होते. बंद असलेले उघडणे एवढाच ‘ओपन’चा गाभा नाही, दुकान किंवा बँकेतील खाते सुरू करतानाही तो चालतो, पण यंत्र सुरू करायला चालत नाही, हे बाईंनी चिनीतूनच समजावले होते.

आपले ‘लावणे’ याहूनही अवघड आहे. दिवा लावला की तो सुरू होतो, दार लावले की ते बंद होते. शिवाय आपण झाड लावतो, कुंकू लावतो, फोन लावतो आणि कुकरही लावतो. मराठी मूल इंग्रजीत नेमके कुठे अडखळेल, हे या क्रियापदावरून आधीच सांगता येते. मात्र ते मराठी जाणणाऱ्या आणि वर्गात मराठी बोलू शकणाऱ्या शिक्षकालाच दिसते. मराठी वर्ज्य असलेल्या वर्गात ही समजूत घालायला जागाच उरत नाही आणि मूल वाक्ये पाठ करून वेळ निभावते.

चिनी पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षेचा भार इतका आहे की व्याकरण पक्के असूनही तोंड उघडत नाही, आणि चिनी लोक स्वतःच याला ‘मुकी इंग्रजी’ म्हणतात. बोलण्याचा सराव आपल्या शाळांनी पहिल्या वर्षापासूनच द्यायला हवा. पण हा दोष परीक्षेचा आहे, चिनी माध्यमाचा नव्हे.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. बालभारतीने इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकाला ‘लावणे’, ‘घालणे’, ‘काढणे’, ‘पडणे’ अशा शे-दीडशे क्रियापदांची मराठीतून समजावणारी पुस्तिका जोडावी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिच्यासाठी स्वतंत्र तास ठेवावेत.