‘मिटिंगांनी कुठं दारू सुटते?’ या फॉरवर्डला उत्तर

घरच्या, सोसायटीच्या, गावाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: दारू सोडायला निर्धार लागतो, मिटिंगा नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगा भरवणारं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए हा छुपा धर्मप्रचार आहे. तिथं नाव-पत्ता लिहून घेतात, चारचौघांत तमाशा होतो, वर फी. जाणारे पुन्हा पितातच. त्यापेक्षा जेवणातून नकळत द्यायची पावडर मागवा. खाली मोबाईल नंबर.

त्या नंबरापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचा मजकूर त्याच्यासाठीच लिहिलेला दिसतो. अशा पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. नशीब असेल तर नुसता पाला. पण त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असेल आणि वर माणूस प्याला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेततं. डॉक्टरही हे औषध देतात, पण तपासण्या करून, पेशंटला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीने. बायकोनं आमटीत कालवून द्यायची ही वस्तू नाही. आणि एकदा का हे त्याला कळलं, की तो घरचं जेवायचंही सोडतो.

‘निर्धार पुरे.’ रोज सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घेणाऱ्यानं निर्धार करून एका दिवसात बाटली फेकली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावूही शकतो. इतकी सवय असलेल्यानं आधी सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र गाठावं. मिटिंग हा त्याला पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. मिटिंगचं खरं काम त्यानंतरचं: घरी परतल्यावर, पगाराच्या दिवशी, हळदीच्या रात्री.

धर्माच्या आरोपात थोडं तथ्य आहे. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ यांनी एए सुरू केलं, तेव्हा दोघंही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीतून आले होते. दारूपासून दूर राहण्यासाठी एएनं आखलेल्या बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, आणि कट्टर नास्तिकाला ते खटकतं. मलाही खटकलं असतं. पण पायरीतच ‘आम्हाला जसा समजला तसा’ अशी मोकळीक आहे. सदस्यत्वाची अट एकच: दारू सोडायची इच्छा. मुंबईत काही मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात, कारण तिथं संध्याकाळपुरती खोली परवडते. शाळेच्या वर्गातही भरतात, म्हणून कुणी त्यांना शिकवणी म्हणत नाही.

‘तमाशा होतो’ असं लिहिणारा कधी आत गेलेला नसावा. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पायऱ्यांचे तक्ते, चहा. एकेक जण पहिलं नाव सांगून, मी अल्कोहोलिक, म्हणतो आणि आपलं बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, ‘अरे, पण मुलांचा विचार करायचास’ असं तर अजिबात नाही. नवख्यानं गप्प बसलं तरी चालतं. हजेरीवही नसते. फीचं म्हणाल तर शेवटी एक पिशवी फिरते. त्यात काही न टाकता पुढं दिली तरी चालते. आता एखाद्या गटात ओळखीचं कुणी भेटणारच नाही, अशी हमी मात्र कुणी देऊ शकत नाही. तीच धास्ती असेल तर डोंबिवलीकरानं ठाण्यात किंवा दादरला जावं. पण तो ओळखीचाही तिथं त्याच कामाला आलेला असतो.

‘जाणारे पुन्हा पितातच.’ काही पितात, हे खरंच. पण तुलना कशाशी? उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं होती. एएशी पद्धतशीर जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभरानं पूर्ण दूर असलेले सुमारे 42 टक्के, वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांनंतर सुमारे 35 टक्के. जादू नाही, पण फुकटात मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा फरक लहान नाही. त्यात बऱ्याच मिटिंगा संध्याकाळी, म्हणजे नेमक्या ‘बसायच्या’ वेळेला असतात. निम्मं काम तिथंच होतं, असं माझं मत.

एक उणीव मात्र फॉरवर्डवाल्याला दिसलीच नाही: खुर्च्यांवर बहुतेक पुरुषच असतात. पिणाऱ्या बाईला अशा खोलीत एकटीनं शिरणं सोपं नाही. तिनं महिलांच्या किंवा ऑनलाइन मिटिंगांची चौकशी आधी करावी. पुण्यातल्या लहान खोलीत राहणारी असो वा दुबईत, मोबाईलवर हे जमतं.

गट शोधायला एए इंडियाच्या संकेतस्थळावर यादी आहे. 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. जागा आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: मिटिंग मराठीत असते का, आणि ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’? क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. ओपनला सोबत बायको, भाऊ, कुणीही येऊ शकतं. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट. नवरा तयार नसला तरी तिथं जाता येतं, आणि त्यासाठी त्याला विचारावंही लागत नाही.