हम्फ्री फेलोशिपबाबत खुलासा

‘नोकरदारांना अमेरिकेत मोफत एम.ए., विद्यापीठ तुमच्या पसंतीचे, पुढे तिथेच नोकरी’ असा ह्युबर्ट हम्फ्री फेलोशिपविषयीचा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असून त्यातील तिन्ही दावे चुकीचे आहेत.

१९७८ साली सुरू झालेली ही फेलोशिप अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या निधीतून दिली जाते. तिचा कालावधी साधारण दहा महिन्यांचा असतो आणि तिच्यातून कोणतीही पदवी मिळत नाही. फेलो विद्यापीठात निवडक विषय शिकतो व काही आठवडे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम पाहतो. विद्यापीठाची निवड अर्जदाराच्या हाती नसते. विषयानुसार गट पाडून कार्यक्रमच ते ठरवतो.

नोकरीचा दावा सर्वांत घातक आहे, कारण त्यावर विसंबून लोक घरदार आवरायला निघतात. हा प्रवास जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर होतो आणि सरकारी निधीमुळे फेलोला मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट लागू होते; ती पूर्ण केल्याशिवाय किंवा तिच्यातून रीतसर सूट मिळाल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा अथवा कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळत नाही.

पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि सार्वजनिक कामाची बांधिलकी मात्र खरोखरच पाहिली जाते. तालुक्यात लसीकरणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याने अर्जात आपल्या गुणांपेक्षा त्या कामातील अडचण आणि परतल्यावर आपण काय बदलणार हे नेमकेपणाने मांडावे. भारतातील अर्ज युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनमार्फत होतात, एजंटमार्फत नव्हे.